मोटारीतील उष्णता-नियंत्रक : कार्य, बिघाड व दुरुस्ती
(तानसा परिसरातील घाटमार्गांच्या संदर्भात)

मुंबई–आग्रा मार्गाने वासिंद, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी ही गावे मागे टाकीत कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या, किंवा कल्याणहून मुरबाड व टोकावडे या वाटेने माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मोटारीस हीटर कशासाठी हवा, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तानसा खोऱ्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि हिवाळ्यातील थंडी एखाद्या शालीने भागण्याजोगी असते. अँबॅसॅडर व पद्मिनी या गाड्या आपल्या रस्त्यांवर सर्रास धावत असत, त्या काळी हीटर ही आपल्याकडे चैनीची वस्तू समजली जाई. या दोन्ही गाड्यांचे उत्पादन आता थांबले आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मोटारींत हीटर असतोच; मात्र त्याचे बटण वर्षानुवर्षे एकाच बाजूस फिरवून ठेवलेले असते.

बटणास हात न लावल्याने त्यामागील यंत्रणा निरुपयोगी ठरत नाही. ऊब देणे हे तिचे एक काम झाले. वातानुकूलन यंत्रातून येणाऱ्या अतिथंड हवेस सोसवेल इतपत ऊब देणे, पावसाळ्यात समोरच्या काचेवरील बाष्प घालविणे आणि प्रसंगी घाटात तापलेल्या इंजिनाचा भार हलका करणे, ही तिची आणखी तीन कामे होत. यामुळेच या यंत्रणेत बिघाड झाला, तर तो आपल्या खऱ्या नावाने क्वचितच ओळखला जातो. "एसी थंड करीत नाही", "काच सारखी धुरकटते", "गाडी गरम होते" अशा तक्रारींच्या रूपाने तो गॅरेजमध्ये येतो, आणि निदान चुकल्याने पैसा भलत्याच कामावर खर्च होतो. कसारा स्थानकाबाहेरून नाशिकपर्यंत उतारू नेणाऱ्या टॅक्सीचालकास एक दिवस गाडी उभी राहणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे होय. म्हणून या यंत्रणेचे कार्य, तिच्या बिघाडांची परीक्षा आणि त्यांवरील उपाय यांचा क्रमाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. उष्णता येते कोठून?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या एकूण ऊर्जेपैकी, ढोबळ मानाने, एक-तृतीयांश चाके फिरविण्याच्या कामी येते, एक-तृतीयांश धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. या पाण्यात गंज व गोठण यांस प्रतिबंध करणारे द्रव्य मिसळलेले असते. त्यास व्यवहारात कूलंट म्हणतात. हे कूलंट एक पंप सतत फिरवीत असतो. इंजिनातून निघालेले गरम कूलंट रेडिएटरमध्ये जाऊन निवते व पुन्हा इंजिनात येते.

या मार्गावर थर्मोस्टॅट नावाची एक स्वयंचलित झडप असते. तिच्या पोटात मेणासारखे द्रव्य भरलेले असते. ते वितळले की फुगते व दांड्यास ढकलून झडप उघडते. निवले की आकसते आणि स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते. बहुतेक गाड्यांत ही झडप ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागते. इंजिन थंड असता कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणे आणि इंजिनास लवकर योग्य तापमानास आणणे हे तिचे कार्य होय.

याच कूलंटचा एक लहानसा फाटा दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डच्या मागे नेलेला असतो. तेथे रेडिएटरसारखीच, परंतु आकाराने बरीच लहान अशी एक जाळी असते. हीच हीटरची जाळी होय. ब्लोअरचा पंखा तिच्यातून हवा ढकलतो आणि ती हवा तापून आत येते. सारांश, मोटारीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; इंजिनाने टाकून दिलेल्या उष्णतेचा काही अंश तो वापरतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत अशी टाकाऊ उष्णता पुरेशी नसल्याने तेथे निराळी योजना करावी लागते. तिचा विचार येथे केलेला नाही.

२. नियंत्रणाच्या दोन पद्धती

आंघोळीचे पाणी बेताचे ऊन करण्याचे दोन मार्ग आपल्या घरांत परंपरेने चालत आले आहेत. एक तर बंबातील कढत पाण्याची तोटी कमी-अधिक सोडावयाची, किंवा बादलीत कढत पाणी घेऊन त्यास विसण घालावयाचे. मोटारीतील उष्णता-नियंत्रणाच्या दोन पद्धती नेमक्या याच दोन मार्गांवर आधारलेल्या आहेत.

पहिल्या पद्धतीत हीटरकडे जाणाऱ्या कूलंटच्या नळीवर एक झडप बसविलेली असते. बटण थंड बाजूस असता ती मिटते व जाळीत गरम कूलंट जात नाही. जुन्या गाड्यांत ही पद्धत विशेष रूढ होती. तिच्यात एक अडचण आहे. कूलंटचा प्रवाह इंजिनाच्या गतीबरोबर कमी-जास्त होत असल्याने आत येणाऱ्या हवेचे तापमान एकसारखे राहत नाही. शिवाय बटण फिरविल्यावर जाळी तापण्यास वा निवण्यास काही वेळ जावा लागतो.

दुसरी पद्धत विसणाची. तिच्यात गरम कूलंट जाळीतून सदैव वाहत असते. ब्लोअरने ओढलेली सर्व हवा प्रथम वातानुकूलनाच्या थंड जाळीतून जाते. त्यानंतर मार्गात एक फिरती झडप असते. ती हवेचे दोन भाग करते : एक भाग हीटरच्या जाळीतून जाऊन तापतो, दुसरा तिला वळसा घालून थंडच राहतो. पुढे हे दोन्ही भाग एकत्र मिसळून आत येतात. या झडपेस आपण मिश्रण-झडप म्हणू. साध्या गाड्यांत ती बटणाशी तारेच्या केबलने जोडलेली असते. अलीकडच्या गाड्यांत प्लॅस्टिकचे दंतचक्र असलेली एक छोटी विद्युत मोटर तिला फिरविते. आजच्या बहुसंख्य गाड्यांत हीच पद्धत आढळते.

मिश्रण-झडप थोडीशी जरी चुकली, तरी परिणाम किती मोठा होतो, हे साध्या गणिताने दिसून येईल. थंड जाळीतून येणारी हवा ८ अंश व हीटरच्या जाळीतून तापून आलेली हवा ६० अंश मानू. झडप पूर्ण मिटली असेल, तर आत ८ अंशांची हवा येईल. शेकडा १० भाग हवा हीटरमधून जाऊ लागली, तर मिश्रणाचे तापमान १३.२ अंश होईल. शेकडा २० भाग गेल्यास १८.४ अंश आणि शेकडा ३० भाग गेल्यास २३.६ अंश. वैशाखातील दुपारी, पत्रा तापलेल्या गाडीत, २३ अंशांची हवा म्हणजे वातानुकूलन बंद पडल्यासारखेच होय. येथे थंडावा निर्माण करणारे यंत्र पूर्णतः निर्दोष आहे. फक्त थंड पाण्यात कोणी कढत पाणी ओतीत आहे, एवढेच.

३. काच का धुरकटते?

हवेत सामावू शकणाऱ्या बाष्पास मर्यादा असते व ती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. १ घनमीटर हवेत १० अंशांस सुमारे ९.४ ग्रॅम, २० अंशांस १७.३ ग्रॅम, ३० अंशांस ३०.४ ग्रॅम आणि ४० अंशांस ५१ ग्रॅम बाष्प राहू शकते. पावसाळ्यात माळशेजच्या वाटेवर पाच माणसे भिजल्या कपड्यांनी गाडीत बसली, खिडक्या लावून घेतल्या आणि आतील हवा २८ अंशांची व शेकडा ८० आर्द्रतेची झाली असे समजू. अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २२ ग्रॅम बाष्प असते, आणि तिचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. बाहेरून पावसाचा मारा होऊन काच २२ अंशांपर्यंत निवली असेल, तर काचेस लागलेली हवा आपले बाष्प धरून ठेवू शकत नाही आणि काचेच्या आतील बाजूस बारीक थेंबांचा पडदा धरतो.

यावर हीटरचा उपयोग कसा होतो? बाहेरची २२ अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा आत घेऊन ती ४० अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता शेकडा ३८ पर्यंत उतरते. अशी हवा काचेवरचे पाणी शोषून घेते व काचही उबदार करते. वातानुकूलन व हीटर ही दोन्ही एकत्र चालविल्यास परिणाम आणखी चांगला होतो. थंड जाळीवर हवा ८ अंशांपर्यंत निवून तिचे अधिक झालेले बाष्प पाणी होऊन गळून जाते. घनमीटरास सुमारे ८.३ ग्रॅम एवढेच उरते. हीच हवा पुढे ३० अंशांपर्यंत तापविली की तिची आर्द्रता शेकडा २७ च्या आसपास येते. म्हणजे प्रथम हवा पिळून घ्यावयाची व मग ती वाळवावयाची, असा हा क्रम आहे. तो साधावयाचा, तर मिश्रण-झडप चालकाच्या आज्ञेत असली पाहिजे.

येथे एक विपरीत प्रकारही ध्यानात ठेवावा. बटण पूर्ण थंड बाजूस ठेवून हवेचा झोत काचेवर सोडला, तर काच बाहेरील हवेच्या दवबिंदूखाली निवते आणि धुके बाहेरच्या बाजूस धरते. आतून कितीही पुसले, तरी ते जात नाही. वायपर फिरविताच काच स्वच्छ होत असेल, तर बाष्प बाहेर आहे असे समजावे आणि बटण गरम बाजूस वळवावे. माळशेजमध्ये ढग रस्त्यावर उतरलेले असता, एका अंगास कडा व दुसऱ्या अंगास दरी असताना, ही गोष्ट केवळ सोयीची राहत नाही. गाडीतील सर्वांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात.

४. बिघाडाची परीक्षा

वैद्य ज्याप्रमाणे औषधापूर्वी नाडी पाहतो, त्याप्रमाणे डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी पुढील लक्षणे पाहावीत. यांस महागड्या उपकरणांची गरज नाही. हात, कान, नाक आणि एक साधा तापमापक एवढी साधने पुरतात.

(अ) एसी थंड करीत नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असता गाडी सुरू करावी व लगेच एसी चालवावा. पहिली काही मिनिटे हवा उत्तम थंड येते आणि इंजिनाचा काटा वर चढू लागताच तीही कोमट होते, असे घडल्यास संशय मिश्रण-झडपेवर धरावा. कारण इंजिन थंड असेपर्यंत हीटरची जाळीही थंड असते आणि झडप उघडी राहिली, तरी मिसळावयास उष्णता नसते. ही परीक्षा एकटीच निर्णायक मानू नये. वातानुकूलन यंत्रातील काही दोषांतही थंडावा हळूहळू ओसरतो. म्हणून हवा कोमट झाल्यावर बॉनेट उघडून एसीच्या दोन नळ्यांपैकी जी जाड आहे, तिला फिरत्या पट्ट्यापासून व पंख्यापासून हात दूर ठेवून स्पर्श करावा. ती चांगली गार असून तिच्यावर घाम धरला असेल, तर थंडावा निर्माण होत आहे व तो आत येईपर्यंत वाटेत नासतो, असे अनुमान निघते. अशा स्थितीत गॅस भरून घेणे व्यर्थ होय.

(आ) बटण गरम बाजूस फिरवूनही हवा थंडच. प्रथम इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहावा. बराच वेळ गाडी चालवूनही तो खालीच राहत असेल आणि घाट उतरताना आणखी खाली जात असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. काटा योग्य जागी असेल, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या चाचपून पाहाव्यात. दोन्ही गरम असल्यास कूलंट नीट वाहत आहे व दोष मिश्रण-झडपेचा आहे. एक गरम व दुसरी कोमट असल्यास जाळी गाळाने तुंबली आहे. दोन्ही थंड असल्यास कूलंट कमी झाले आहे, नळीत हवा अडकली आहे किंवा नळीवरील झडप मिटलेली आहे.

(इ) गाडी धावताना हवा गरम व उभी राहिली की थंड. बहुधा कूलंट कमी असते किंवा त्यात हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. पाण्याचा पंप झिजल्यानेही असे होते.

(ई) बटण फिरविताच डॅशबोर्डमागे टक्-टक् असा आवाज. छोट्या मोटरच्या दंतचक्राचे दात मोडले आहेत, किंवा झडप अडकल्याने मोटर तिला ढकलण्याचा निष्फळ प्रयत्न करीत आहे. केबल असलेल्या गाडीत बटण अगदी सैल फिरत असेल, तर केबल निसटलेली वा तुटलेली असते. फारच जड फिरत असेल, तर ती गंजलेली असते.

(उ) गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुके व पुढच्या पायपुसण्याखाली ओल. हीटरची जाळी गळत आहे. कूलंटमधील द्रव्य विषारी असल्याने या लक्षणाकडे दुर्लक्ष करू नये. ओल असून वास नसेल व पाणी स्वच्छ असेल, तर एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे; तो निराळा व किरकोळ दोष होय.

(ऊ) तापमान आपोआप राखणाऱ्या गाड्यांत मनमानी फेरबदल. अशा गाड्यांत आतील हवेचे तापमान मोजणारा एक संवेदक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध कमी होतो आणि त्यावरून नियंत्रक झडपेची जागा ठरवितो. संवेदकाच्या तोंडावर धूळ साचली, तर त्यास खऱ्या हवेऐवजी कोंडलेल्या हवेचे तापमान कळते व नियंत्रक चुकीचा निर्णय घेतो. मऊ कुंचल्याने धूळ झाडणे हा यावर पहिला उपाय होय.

५. दुरुस्ती

दोष केबलचा असल्यास दुरुस्ती अगदी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत केबलचे खालचे टोक चालकाच्या वा शेजारच्या आसनासमोर, पायाच्या जागेच्या वर, सापडते. केबल सोडवून झडपेचा दांडा बोटाने दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावा. तो सहज फिरत असेल, तर बटण पूर्ण थंड बाजूस आणावे, झडपही हाताने पूर्ण थंड बाजूस दाबून धरावी आणि त्याच स्थितीत केबलचे आवरण चिमट्यात घट्ट बसवावे. नंतर बटण दुसऱ्या टोकास नेऊन झडप तेथवर पोचते, याची खात्री करून घ्यावी. पुष्कळदा केवळ एवढ्या जुळणीने दोष नाहीसा होतो.

मोटर असलेल्या गाडीत ती दोन-तीन स्क्रूंनी बसविलेली असते. ती उतरवून झडपेची कणी हाताने फिरवावी. कणी मोकळी असेल, तर मोटर बदलावी. कणी अडत असेल, तर नवी मोटरही लवकरच मोडेल, म्हणून अडथळा प्रथम शोधावा. झडपेच्या कडेस लावलेला स्पंज कुजून त्याचे तुकडे अडकणे, आत पडलेले नाणे वा पेन, उंदराने आणलेला कचरा, ही कारणे वारंवार आढळतात. तानसा अभयारण्याच्या बाजूस झाडांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत काचेच्या पायथ्याशी असलेल्या हवेच्या तोंडात पालापाचोळा साचतो. तो कुस्करून आत जातो व ओलाव्याने तेथेच कुजतो. ही जागा पावसाळ्यापूर्वी व नंतर साफ करणे हे काम दहा मिनिटांचे आहे. नवी मोटर बसविल्यावर झडपेच्या दोन्ही टोकांची ओळख नियंत्रकास करून द्यावी लागते. तिची रीत गाडीगणिक भिन्न असल्याने ती त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

डॅशबोर्डमागील कामास हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. अपघातप्रसंगी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या व त्यांच्या तारा त्याच भागात असतात. तसेच एसीच्या नळ्या घरी कधीही सोडू नयेत. आतील वायू दाबाखाली असतो व त्वचेस इजा करतो. शिवाय बऱ्याच काळापासून वापरात असलेला आर-१३४ए हा वायू वातावरणात सुटल्यास, वजनास वजन धरता, कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट तापमानवृद्धी घडवितो. गरज नसता गॅस काढून पुन्हा भरणे हे खिशास जसे जड, तसे निसर्गासही जड आहे.

जाळी तुंबली असल्यास दोन्ही नळ्या सोडवून, इंजिन थंड असता, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने कमी दाबाचे स्वच्छ पाणी सोडावे व ते नितळ येईपर्यंत चालू ठेवावे. पाण्याचा जोर अधिक झाल्यास जुनी जाळी फुटते. गाळाचे मूळ कारण बहुधा कूलंटऐवजी वारंवार भरलेले विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी हे असते. त्यातील विरघळलेले क्षार तापल्यावर साका होऊन बसतात. घरच्या बंबात जे पांढरे कीट धरते, तेच येथे धरते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व योग्य प्रमाणात कूलंट एवढेच वापरावे.

कूलंट पुन्हा भरताना हवा अडकून राहू नये म्हणून गाडी नाक वर येईल अशा चढावर उभी करावी, हीटरचे बटण पूर्ण गरम बाजूस ठेवावे आणि इंजिन थंड असताना झाकण काढून मग ते सुरू करावे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतील. ते थांबले की पातळी पुरी करून झाकण लावावे. ज्या गाड्यांत हवा काढण्यासाठी निराळा स्क्रू दिलेला असतो, तेथे त्याचाच उपयोग करावा.

६. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा

"आपल्या हवेत थर्मोस्टॅटचे काय काम?" असे म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा आपल्याकडे बरीच रूढ आहे. घाटात गाडी तापू नये, हा त्यामागील हेतू असतो. तथापि ही समजूत अनेक दृष्टींनी सदोष आहे.

थर्मोस्टॅट नसता इंजिन योग्य तापमानास पोचण्यास फार वेळ लागतो, आणि उतारावर तर ते पुन्हा निवते. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, त्याचा काही भाग वंगणतेलात उतरतो, तेलात गाळ धरतो व सिलिंडरची झीज वाढते. हीटरच्या जाळीतील कूलंट पुरेसे तापत नसल्याने काच वाळविण्याचे साधनही हातचे जाते. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरचा मार्ग उघडतानाच, कूलंट रेडिएटरला वगळून परत नेणारी आडवाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढून टाकला, तर ही आडवाट कायमची उघडी राहते, बरेचसे कूलंट रेडिएटरकडे न जाता तेथूनच परतते आणि गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापते. ज्या रोगावर औषध घेतले, तोच रोग बळावावा, असा हा प्रकार आहे.

थर्मोस्टॅटविषयी शंका असल्यास त्याची परीक्षा स्वयंपाकघरातील पातेल्यातही होऊ शकते. मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकास वापरू नये. पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा. तळास टेकू देऊ नये, कारण तळाचे तापमान पाण्याहून अधिक असते. शेजारी तापमापक धरून पाणी हळूहळू तापवावे. थर्मोस्टॅटवर जो अंक कोरलेला असतो, त्याच्या आसपास झडप उघडू लागली आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडली, तसेच निवताना घट्ट मिटली, तर तो निर्दोष समजावा. अन्यथा नवा बसवावा. तो न बसविता रिकामी जागा ठेवू नये.

७. घाटात इंजिन तापल्यास

कसारा व इगतपुरी यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसह १,५०० किलोग्रॅम वजनाची गाडी ही उंची चढते, तेव्हा केवळ वजन उचलण्यास सुमारे ४४ लाख जूल कार्य करावे लागते. चढ १५ मिनिटांत पुरा झाला, तर ही शक्ती सरासरी ४.९ किलोवॅट भरते. वर सांगितलेल्या ढोबळ प्रमाणानुसार कार्याइतकीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. म्हणजे सपाटीवरील नेहमीच्या भारावर आणखी सुमारे ५ किलोवॅट उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते, आणि तीही गाडीचा वेग व म्हणून समोरचा वारा कमी असताना. मालमोटारींच्या मागे रांगेत अडकल्यास स्थिती आणखी बिकट होते.

आता हीटर किती उष्णता काढू शकतो, ते पाहू. ब्लोअर ताशी ३०० घनमीटर हवा फेकतो व ती जाळीतून जाताना ४० अंशांनी तापते असे धरल्यास सुमारे ४ किलोवॅट उष्णता कूलंटमधून बाहेर पडते. हा आकडा चढामुळे वाढलेल्या भाराच्या बराच जवळ आहे. म्हणून काटा तांबड्या खुणेकडे सरकू लागताच एसी बंद करावा, हीटरचे बटण पूर्ण गरम बाजूस न्यावे, ब्लोअर पूर्ण वेगाने सोडावा व खिडक्या उघडाव्यात. आतील माणसांस घाम फुटेल, परंतु इंजिनास उसंत मिळेल. येथे मिश्रण-झडपेचे महत्त्व पुन्हा दिसते : ती थंड बाजूस अडकली असेल, तर जाळीतून वारा जात नाही आणि हा उपाय चालकाच्या हाती राहत नाही.

हा उपाय तात्पुरता आहे. त्याने काटा खाली न आल्यास रस्त्याच्या रुंद व सुरक्षित भागी गाडी थांबवून, चाकामागे दगड लावून, इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई मात्र करू नये. झाकणामुळे आतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बार अधिक असतो व त्यामुळे पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब उतरतो आणि अशा तापलेल्या पाण्याचा शेकडा सुमारे ३ भाग तत्क्षणी वाफ होतो. ६ लिटर पाणी असल्यास ही वाफ ३०० लिटरांहून अधिक जागा व्यापते. उकळत्या पाण्यासह ती हात व चेहरा यांवर उसळते आणि गंभीर भाजते. वरची रबरी नळी हातास सोसवेल इतकी निवेपर्यंत थांबणे हाच येथे शहाणपणा होय. तापलेल्या इंजिनावर ओढ्याचे थंड पाणी ओतणेही तितकेच अनिष्ट, कारण अचानक आकुंचन होऊन धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

समारोप

२०२५ च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसाऱ्याचा जुना घाट टाळून लांब बोगद्यातून जाण्याची सोय झाली. तरीही शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील गावोगावची ये-जा जुन्याच रस्त्यांवरून चालते, आणि माळशेजच्या धुक्यास अद्याप पर्याय नाही. अशा वाटांवर गाडीची लहानशी झडपही मोठे काम करते. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. एक झडप बिघडली की मैलोगणती परिणाम होतो, हे या परिसरातील माणसास निराळे सांगण्याचे कारण नाही.

वरील विवेचनाचा सारांश असा : हवा कोमट आली म्हणजे गॅस संपला, असे गृहीत धरू नये, प्रथम थंड इंजिनाची परीक्षा करावी व नळ्या हाताने पाहाव्यात. केबलची जुळणी, हवेच्या तोंडाची सफाई व कूलंटची पातळी या तीन बिनखर्ची गोष्टी तपासल्यावाचून कोणताही भाग बदलू नये. थर्मोस्टॅट काढून टाकू नये. आणि ज्यास हीटर कधीच लागत नाही, अशा मालकानेही महिन्यातून एकदा उष्णतेचे बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. न हलणारी झडप गंजते व अडकते, आणि ती अडकल्याचे कळते ते नेमके पावसात, घाटाच्या मध्यावर. एवढी दक्षता मृग लागण्यापूर्वी घेतली, तर पुढील चार महिन्यांची वाट सुकर होईल.